'नक्कल', 'एकसुरी', 'दमदार': स्वतंत्र ग्रूव्ह मेटल बँडने आपल्या समीक्षा कशा वाचाव्यात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चौघांचा ग्रूव्ह मेटल बँड, पाठीशी लेबल (रेकॉर्ड कंपनी) नाही, दुसरा अल्बम स्वतःच्या पैशांतून काढलेला. त्यावर तीन समीक्षा आल्या. पहिलीत तुम्हाला पँटेरा या अमेरिकी मेटल बँडची नक्कल ठरवलं आहे. दुसरीत 'दमदार, पण एकसुरी' असा शेरा आहे. तिसरीत चार ओळींचं कौतुक आहे. यातलं काय मनावर घ्यायचं, पुढच्या अल्बमसाठी शैली बदलायची का, पहिल्या समीक्षकाला उत्तर द्यायचं का, आणि मुळात या प्रकाराला समीक्षक कधी न्याय देतात का, हे तुम्ही विचारलं आहे. मी जड संगीताचं ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंग करतो. मधली काही वर्षं अल्बमच्या समीक्षाही लिहिल्या. त्यामुळे दोन्ही बाजूंनी काय दिसतं ते सांगतो. उत्तर लांबेल.

आधी माझं मत. तुमच्या हातातली सर्वांत मोलाची समीक्षा दुसरी आहे, 'एकसुरी' म्हणणारी. पहिली निम्मी खरी आहे आणि तिच्यावर उपाय आहे. तिसरी वाचून बरं वाटतं, पोस्टरवर छापायलाही चालेल, पण तिच्यातून शिकण्यासारखं काही हाती लागत नाही. तिन्ही वाचताना एवढं धरून चाला: समीक्षकाला जे खटकलं ते बहुधा खरंच खटकण्यासारखं असतं, पण ते का खटकलं याचं त्याने दिलेलं कारण बरेचदा चुकतं. ग्रूव्ह मेटलच्या, म्हणजे वेगापेक्षा तालाच्या झोक्यावर उभ्या असलेल्या मेटलच्या, बाबतीत हे फारच होतं, कारण या संगीताचा जीव जिथे आहे त्या जागेबद्दल लिहायची सवय फार थोड्या समीक्षकांना असते.

तो जीव दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत आहे. 1980च्या दशकात थ्रॅशवाले (अतिवेगवान मेटल वाजवणारे) बँड एकमेकांशी वेगाची शर्यत लावत होते. 1990च्या आसपास काही जणांनी तो वेग मुद्दाम खाली आणला, रिफमध्ये (गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या ओळीत) मोकळी जागा सोडली आणि तळहाताने दाबून वाजवलेले सूर किकच्या (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या) ठोक्यांशी घट्ट बांधले. पँटेराचा 'काउबॉइज फ्रॉम हेल' जुलै 1990 मध्ये आला. प्राँगचा 'बेग टू डिफर' त्याच वर्षीचा, आणि न्यू ऑर्लिन्सच्या एक्झॉर्डरचा पहिला अल्बमही त्याच वर्षीचा. 1992च्या 'व्हल्गर डिस्प्ले ऑफ पॉवर'मधलं 'वॉक' घ्या. सुरांच्या हिशेबाने त्या रिफमध्ये फारसं काही नाही. कागदावर उतरवला तर नवशिक्याचा धडा वाटेल. पण तो 12/8 या तालचौकटीत आहे, तीन-तीनच्या हेलकाव्यावर चालतो, आणि प्रत्येक सूर किती लांबवायचा व त्यानंतर किती वेळ गप्प राहायचं हे त्यात अगदी नेमकं आहे. मान हलते ती त्या गप्प जागेमुळे.

आता समीक्षकाची हत्यारं बघा. तो सुरावटीबद्दल लिहू शकतो, सोलोबद्दल लिहू शकतो, शब्दांबद्दल आणि रचनेच्या गुंतागुंतीबद्दल लिहू शकतो. स्नेअर (काड्यांनी वाजवायचा करकरीत ड्रम) नेमक्या मात्रेच्या मानाने किंचित मागे पडतोय की अगदी वर बसतोय, हे त्याच्या शरीराला कळतं, पण लिहायला बसल्यावर त्यासाठी वाक्य सापडत नाही. मग तो नावाचा आधार घेतो: 'पँटेरासारखं', 'लॅम्ब ऑफ गॉडच्या वळणाचं'. यात दुष्टपणा नसतो. महिन्याला ढिगाने अल्बम येतात, प्रत्येक दोन-तीनदा ऐकायलाच कसाबसा वेळ मिळतो, आणि वाचकाला तीनशे शब्दांत अंदाज द्यायचा असतो. मी स्वतः समीक्षा लिहायचो तेव्हा तालाबद्दल एक नीट वाक्य लिहायला जेवढा वेळ लागायचा तेवढ्यात बाकीची अख्खी समीक्षा लिहून व्हायची.

त्यात या प्रकाराला सुरुवातीपासून दोन्हीकडून मार बसला आहे. थ्रॅशच्या निष्ठावंतांना तो सोपा केलेला, बाजारू थ्रॅश वाटला, तर मेटल फारसं न ऐकणाऱ्यांना नुसता आरडाओरडा. मार्च 1994 मध्ये आलेला पँटेराचा 'फार बियाँड ड्रिव्हन' थेट बिलबोर्ड 200 या अमेरिकेतल्या अल्बमच्या यादीत पहिल्या क्रमांकावर उतरला, तेव्हा निष्ठावंतांचा संशय आणखी वाढला. त्याच वर्षी मशीन हेडचा 'बर्न माय आइज' आला आणि त्याला मान मिळाला. मग 1999च्या 'द बर्निंग रेड'मध्ये त्यांनी रॅपच्या ढंगाचं गायन आणलं, तेव्हा त्याच बँडवर वारा येईल तशी पाठ फिरवल्याचा आरोप झाला. 2007 मध्ये 'द ब्लॅकनिंग' आला, त्यात दहा मिनिटांच्या घरातली गाणी होती, आणि त्यातल्या एका गाण्याला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. तोच गायक-गिटारवादक, तोच मुळातला ताल. यातून मी तरी एवढंच घेतो की एका अल्बमवरच्या समीक्षेत त्या क्षणाची हवा बरीच मिसळलेली असते. गाणी लांब आणि गुंतागुंतीची झाली की समीक्षकाला हाताळायला ओळखीचं काहीतरी मिळतं, आणि कौतुकाचे शब्दही सुचतात. तुम्ही त्यासाठी गाणी लांबवू नका. तीन मिनिटं पंचेचाळीस सेकंदांत संपणारं गाणं तुमच्या बँडचं बलस्थान असेल तर ते तसंच ठेवा.

'नक्कल' या आरोपाकडे येतो. एक्झॉर्डरची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच, कारण ती या प्रकारात सतत निघते. त्यांचे डेमो (अल्बमआधीची कच्ची ध्वनिमुद्रणं) 1986 आणि 1988चे, पण पहिला अल्बम बाजारात आला तो 'काउबॉइज फ्रॉम हेल'नंतर काही महिन्यांनी. त्यामुळे वर्षानुवर्षं दोन गट भांडत आले: पँटेराने यांचं उचललं, की हे पँटेराच्या मागून आले. त्या भांडणात एक्झॉर्डरच्या संगीताबद्दल फार कमी बोललं गेलं, याचं मला आजही वाईट वाटतं. तो अल्बम थ्रॅशच्या वेगात असतानाच मध्येच असा खाली बसतो की ऐकणाऱ्याचा तोल जातो, आणि हे पँटेरापेक्षा वेगळं आहे. दुसरीकडे पँटेराने स्वतः 1983 ते 1988 या काळात स्वतःच्याच 'मेटल मॅजिक' लेबलवर चार अल्बम काढले होते, ग्लॅमच्या (भडक, चकचकीत रॉकच्या) वळणाचे, दुसऱ्यांच्या छायेतले. त्यांना स्वतःचा आवाज सापडायला चार अल्बम लागले. तुमचा हा दुसरा आहे.

तरीही आरोप झटकून टाकू नका. कुठल्या गोष्टीमुळे पँटेराचं नाव सुचलं ते शोधा. माझा अनुभव असा की ते नाव रिफमुळे क्वचित सुचतं. ते सुचतं दोन गोष्टींमुळे. पहिली, गिटारच्या आवाजाचा पोत: मधल्या कंपनांच्या पट्ट्या कापलेल्या, वरच्या टोकाला करवतीसारखी धार, पँटेराच्या डायमबॅग डॅरेलच्या ट्रान्झिस्टर अँपची आठवण करून देणारा कोरडा, घट्ट आवाज. दुसरी, गायकाची फेक: ओळ तोडून, शेवटचा शब्द भुंकल्यासारखा टाकणं. रिफ शंभर टक्के तुमचा असला तरी या दोन गोष्टी जुळल्या की ऐकणाऱ्याने पहिल्या वीस सेकंदांत निकाल दिलेला असतो. तुमच्या अल्बममधली पहिली तीनही गाणी याच दोन गोष्टींनी सुरू होतात. चौथं गाणं, जिथे बास एकटा सुरू होतो आणि गायक जवळजवळ कुजबुजतो, ते पहिलं ठेवलं असतं तर त्या समीक्षेची सुरुवात वेगळी झाली असती असं मला वाटतं. गाण्यांचा क्रम ही समीक्षेसाठी केलेली तडजोड समजू नका. ऐकणाऱ्याची ओळख कुठल्या दारातून करून द्यायची हा बँडचाच निर्णय असतो.

ब्राझीलच्या सेपल्टुराकडे बघा. 1991च्या 'अराइज'पर्यंत ते वेगवान थ्रॅश-डेथ वाजवत होते. 1993च्या 'केऑस ए.डी.'मध्ये त्यांनीही वेग खाली आणला, म्हणजे त्या काळी बाकीचे जे करत होते तेच केलं. पण ड्रम कुठल्या मातीतून येतात हे ऐकताक्षणी कळत होतं, ड्रमर इगोर काव्हालेराच्या हातांत ब्राझीलचे ताल होते. 1996च्या 'रूट्स'साठी तर ते ब्राझीलमधल्या शावांते आदिवासींच्या वस्तीत जाऊन त्यांच्यासोबत ध्वनिमुद्रण करून आले. हे सांगताना एक सावधगिरीही सांगतो: म्हणजे तुम्ही उद्या कुठलंतरी लोकवाद्य आणून चिकटवा असं मुळीच नाही. ते चिकटवलेलं ऐकू येतं, आणि समीक्षकाला मग फक्त तेच दिसतं. माझा मुद्दा ड्रमरचा आहे. ग्रूव्ह मेटलमध्ये बँडची ओळख गिटारपेक्षा ड्रमरच्या हातात जास्त असते. तुमच्या ड्रमरला लहानपणापासून जे ताल अंगात भिनले आहेत, ते तो सध्या दाबून टाकतोय आणि पुस्तकातलं मेटल वाजवतोय. सहाव्या गाण्याच्या शेवटी, गाणं संपत आलंय म्हणून तो जेव्हा सैल होतो, तेव्हा आठ मात्रांत जे ऐकू येतं ते दुसऱ्या कुणाचंही नाही.

आता 'एकसुरी'. इथे मी सर्वांत जास्त वेळ घेणार आहे, कारण तुमच्या अल्बमचं खरं दुखणं इथे आहे, आणि ते रिफमध्ये नाही.

तुमच्या अकरांपैकी आठ गाणी 98 ते 106 बीपीएमच्या (मिनिटाला पडणाऱ्या मात्रांच्या) मध्ये आहेत. ग्रूव्हसाठी हा सुखाचा पट्टा आहे, सगळे तिथेच रमतात. 100 बीपीएमला एक मात्रा 600 मिलिसेकंदांची, तिचा चौथा भाग 150 मिलिसेकंदांचा. या चौथ्या भागांवरच तुमचे जवळजवळ सगळे रिफ किकशी जुळवलेले आहेत. परिणाम असा की सूर बदलतात, पण शरीराला मिळणारा धक्का गाण्यामागून गाणं तोच राहतो. समीक्षकाने त्याला 'सारखेच रिफ' म्हटलं. रिफ सारखे नाहीत. त्यांची पावलं सारखी आहेत. नवे रिफ लिहून हे सुटणार नाही, पुढच्या अल्बमवरही हाच शेरा मिळेल. पुढच्या अल्बममध्ये तीन गाण्यांचा वेग 84-88 पर्यंत खाली आणा, एखादं 130च्या पुढे न्या, आणि किमान दोन गाणी तीन-तीनच्या चालीवर बसवा. हे तालीम करताना, ध्वनिमुद्रणाच्या आधी ठरवायचं असतं. नंतर कुणीही काही करू शकत नाही.

दुसरं, संगणकाने सरळ केलेले ड्रम. तुम्ही पाठवलेल्या ट्रॅकमध्ये प्रत्येक किक आणि प्रत्येक स्नेअर ग्रिडच्या, म्हणजे संगणकाने आखलेल्या वेळेच्या, रेषेवर आहे, आणि स्नेअरच्या जागी एकच ध्वनिनमुना प्रत्येक ठोक्यावर बसवला आहे. टेक्निकल डेथ मेटलमध्ये हे खपतं, तिथे यंत्रासारखी अचूकता हाच आनंद असतो. ग्रूव्हमध्ये यामुळे प्राण जातो. मागचा ठोका, म्हणजे दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरचा स्नेअर, रेषेच्या दहा-पंधरा मिलिसेकंद मागे पडला की रिफ जड वाटायला लागतो. तोच स्नेअर किंचित पुढे आला की गाणं पळतंय असं वाटतं. कडव्यात मागे आणि कोरसमध्ये अगदी वर, एवढा फरक ठेवला तरी वेग न बदलता गाण्याचा चेहरा बदलतो. माणूस वाजवतो तेव्हा हे आपोआप होतं. तुमच्या ड्रमरने ते केलं असणारच, आणि नंतर कुणीतरी ते पुसून टाकलं. मूळ ट्रॅक जपून ठेवले असतील तर शोधून ऐका. पुढच्या वेळी दुरुस्त करायचंच असेल तर फक्त कानाला टोचणारे ठोके हलवा, आणि गिटार ड्रमला जुळवा, ग्रिडला नको.

तिसरं, मास्टर, म्हणजे शेवटची तयार प्रत. तुमचा अल्बम जवळजवळ उणे 7 एलयूएफएसवर आहे (हे आवाजाच्या मोठेपणाचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितका आवाज मोठा). स्पॉटिफाय मुळातल्या सेटिंगला सगळं उणे 14च्या आसपास आणून ऐकवतं, म्हणजे तुमचं गाणं तिथे सात डेसिबलने खाली ओढलं जातं. मोठा आवाज मिळवण्यासाठी तुम्ही स्नेअरचं टोक दाबून टाकलं, आणि मोठेपणा शेवटी मिळालाच नाही. फक्त ठोक्याची धार गेली. कडवं, कोरस, ब्रेकडाउन (वेग मोडून येणारा जड भाग) सगळं एकाच उंचीवर आलं, मग 'एकसुरी' वाटणार नाही तर काय? 2008 मध्ये मेटॅलिकाच्या 'डेथ मॅग्नेटिक'वर हाच वाद झाला होता. त्याच गाण्यांची गिटार हिरो या खेळातली आवृत्ती कमी दाबलेली होती आणि ऐकणाऱ्यांना ती जास्त आवडली. ब्रेकडाउनच्या आधीच्या दोन मात्रांत सगळं गप्प करता येतं, पण ती शांतता ऐकू येण्यासाठी मास्टरमध्ये तिला खाली जायला जागा हवी. पुढचा अल्बम उणे 9 किंवा 10 वर मास्टर करा. सुरुवातीला मन मानणार नाही, शेजारी दुसऱ्या बँडचं गाणं लावलं की आपलं लहान वाटेल. दोन्ही एकाच उंचीला आणून पुन्हा ऐका, मग ठरवा.

चौथी गोष्ट छोटी आहे, पण तुमच्या बासवादकावर तिने अन्याय केला आहे. तुम्ही ड्रॉप सी ट्यूनिंगमध्ये, म्हणजे तारा नेहमीपेक्षा खाली उतरवून, वाजवता. गिटारची सर्वांत खालची तार 65 हर्ट्झला, बासची त्याच्याही निम्म्याला, 33 हर्ट्झच्या आत. समीक्षक अल्बम ऐकतो तो बहुतेक वेळा साध्या इअरफोनवर नाहीतर लॅपटॉपवर, आणि लॅपटॉपच्या स्पीकरमधून तळाचा हा भाग येतच नाही. बासला थोडं डिस्टॉर्शन देऊन त्याचा 700 ते 1000 हर्ट्झचा पट्टा वर काढला नाही तर बासवादक त्या समीक्षेपुरता अस्तित्वातच नसतो. आणि तुम्ही गिटारच्या मधल्या पट्ट्याही कापल्या आहेत. म्हणजे ज्या भागात छोटा स्पीकर सर्वांत चांगला बोलतो तो भाग दोघांनीही रिकामा सोडला. गिटारला 500 ते 800च्या दरम्यान थोडं परत द्या. पँटेराची आठवणही त्याने कमी होईल, म्हणजे पहिल्या समीक्षेतलं निम्मं दुखणं इथेच बरं होतं.

तिसऱ्या, कौतुकाच्या समीक्षेबद्दल एवढंच की तिच्यात एकाही गाण्याचं नाव नाही. तुम्ही पाठवलेल्या माहितीतली विशेषणं तिच्यात परत आली आहेत. लिहिणाऱ्याने अल्बम ऐकला नाही असं मी म्हणत नाही, पण त्यावरून काहीही ठरवू नका. माझी साधी कसोटी अशी: समीक्षेत एखाद्या ठरावीक गाण्याचा, एखाद्या ठरावीक जागेचा उल्लेख असेल तर ती टीका असो वा स्तुती, दोनदा वाचायची. नसेल तर एकदा.

यालाच जोडून एक धोका सांगतो. बँडची कहाणी लक्षवेधी असली की समीक्षक संगीत सोडून कहाणीच लिहितात. न्यूझीलंडच्या एलियन वेपनरीने माओरी भाषेत गाणी केली. 2018च्या त्यांच्या 'तू' या अल्बमवर लिहिताना भाषा आणि बँडमधल्या मुलांचं वय यावर परिच्छेद खर्ची पडले, रिफच्या वाट्याला एखादी ओळ. दिल्लीच्या ब्लडीवुडने 2022 मध्ये 'रक्षक' लेबलशिवाय स्वतःच काढला; त्यांच्याबद्दलही ढोलाची चर्चा गिटारपेक्षा जास्त झाली. दोन्ही बँडना त्यामुळे ऐकणारे मिळाले, आणि त्यांनी ते कष्टाने कमावले आहेत. पण तुमच्याकडे अशी कहाणी नसेल तर ती तयार करू नका. ज्यांच्याकडे कहाणी नाही त्यांनी समीक्षकाला दुसरं काहीतरी ठोस द्यायला हवं, आणि लेबल नसलेले बँड नेमके इथेच कमी पडतात.

लेबल असतं तेव्हा कुणीतरी समीक्षकाला आधीच सांगून ठेवलेलं असतं की हा अल्बम कुठल्या प्रश्नातून आला. तुमच्या बाबतीत त्याच्यासमोर फक्त एक लिंक आणि 'चिरडून टाकणारे, निर्दय, हाडं खिळखिळी करणारे रिफ' असं वाक्य पोचलं. ही विशेषणं काढून टाका. त्याऐवजी तथ्यं द्या: ड्रम कसे रेकॉर्ड केले, कुठलं गाणं कुठल्या तालावर आहे, तिसऱ्या आणि नवव्या गाण्यातला रिफ एकच असून उलटा फिरवला आहे, हे. हो, ते मला कळलं, आणि समीक्षकाला कळलं नाही कारण त्याला कुणी सांगितलं नाही. अशी एक ओळ समीक्षकाला लिहायला सुरुवात करून देते. सोबत गाण्यांचे शब्द, कोण काय वाजवतं त्याची यादी, छापता येईल असं एक छायाचित्र, आणि डाउनलोड करता येतील अशा फाइल. छापील मासिकांना प्रकाशनाच्या दोन-अडीच महिने आधी पाठवा, बाकीच्यांना महिना-दीड महिना आधी. तुम्ही प्रकाशनाच्या दिवशीच पाठवलंत. त्या दिवशी समीक्षक पुढच्या महिन्याच्या अल्बमवर लिहीत असतो. आणि शंभर जणांना एकच मजकूर पाठवण्यापेक्षा, या प्रकारावर जे आधी नीट लिहितात असे दहा-बारा जण निवडून, त्यांनी काय लिहिलं आहे ते वाचून पाठवा.

लेबलशिवाय हे जमतं का, तर जमतं. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियाचा बायझँटाइन हा बँड माझ्या फार आवडीचा. लेबलवर तीन अल्बम काढले, 2008 मध्ये बँड मोडला, नंतर पुन्हा एकत्र आले, आणि 2013चा अल्बम त्यांनी किकस्टार्टरवर ऐकणाऱ्यांकडून पैसे उभे करून स्वतः काढला. ग्रूव्ह मेटलच्या चौकटीत राहून ताल किती नागमोडी करता येतो याचा तो उत्तम नमुना आहे, आणि प्रत्येक गाण्यात मान हलवायची जागा तरीही सापडते. फ्रान्सच्या गोजिराचा पहिला अल्बम 2001 मध्ये त्यांनी स्वतःच काढला होता. 26 जुलै 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनात ते वाजवत होते. मधली तेवीस वर्षं त्यांनी आवाज मऊ केला, उघडा केला, पण उजव्या हाताची आणि किकची ती ओळख सोडली नाही. म्हणून शैली बदलायची का या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर 'नाही' असं आहे. शैली तीच ठेवा, तिच्या आतली हालचाल वाढवा.

हा अल्बम पुन्हा मिक्स करून काढायचा मोहही टाळा. समीक्षक एकाच अल्बमवर दुसऱ्यांदा लिहीत नाहीत, आणि तुमचे पैसे मर्यादित आहेत. त्याऐवजी दोन नवी गाणी करा, एक 86च्या आसपास, एक 12/8 मध्ये, ड्रम न पुसता, आणि ती स्वतंत्रपणे काढा. 'एकसुरी' म्हणणाऱ्या समीक्षकालाच सर्वांत आधी पाठवा. त्याने तुमचा अल्बम शेवटपर्यंत ऐकला आहे, त्यामुळे फरक सर्वांत लवकर त्यालाच कळेल.

पहिल्या समीक्षकाला जाहीर उत्तर देऊ नका. मताला उत्तर दिलं की वाचणाऱ्यांच्या लक्षात तुमचा अल्बम राहत नाही, भांडण राहतं. मात्र त्याने गिटारवादकाचं नाव चुकवलं आहे आणि सातवं गाणं कव्हर (दुसऱ्याचं गाणं) असल्याचं लिहिलं आहे, जे खोटं आहे. या दोन गोष्टींसाठी संपादकाला दोन ओळींचं पत्र लिहा: चूक काय, बरोबर काय, आणि खाली तुमचं नाव. नक्कल या शब्दाचा त्यात उल्लेखही नको.